इंग्रजी लिटरेचर घेऊन काय होतं?

१८८२ साली मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात दोन तरुण संपादक १०१ दिवस कोंडलेले होते. कोल्हापूरच्या कारभाऱ्याविरुद्ध छापलेल्या मजकुराबद्दल टिळक आणि आगरकर यांना ही शिक्षा झाली होती. त्या दिवसांत आगरकरांनी जी कामं हाती धरली, त्यांत शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं भाषांतर होतं. पुढच्या वर्षी ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झालं. डेक्कन कॉलेजात परीक्षेसाठी वाचलेला शेक्सपिअर आगरकरांनी तुरुंगातही सोडला नाही, आणि सुटून आल्यावर लोकांपुढे ठेवला तो मराठीत.

आज दादर-परळच्या एखाद्या घरात बारावीच्या निकालानंतर मुलगी म्हणाली, ‘मी बीएला इंग्लिश लिटरेचर घेणार,’ की आई-वडिलांचा पहिला प्रश्न येतो, ‘ते घेऊन पुढे काय होतं?’ प्रश्नात कुचेष्टा नसते, काळजी असते. त्याला उत्तर देताना कॉलेजं बहुधा नोकऱ्यांची यादी वाचतात: पत्रकारिता, जाहिरात, कंटेंट रायटिंग, बी.एड., नेट-सेट. यादी खोटी नाही, पण तिच्यात या विषयाचा मुंबईतला खरा इतिहास येत नाही. या शहरात गेल्या दीडशे वर्षांत जे इंग्रजी साहित्य शिकले आणि ज्यांनी ते शिकवलं, त्यांच्यातल्या अनेकांनी आपलं सर्वांत मोलाचं काम मराठीत केलं. काहींनी दोन्ही भाषांत केलं. एका भाषेत वाचायचं आणि दुसरीत झगडायचं, हीच या विषयाची इथली ताकद होती. आजचा अभ्यासक्रम नेमका तो झगडा वर्गाबाहेर ठेवतो आणि त्याचं नुकसान इंग्रजीला जितकं सोसावं लागतं तितकंच मराठीला.

आधी या विषयाच्या जन्मकथेकडे बघायला हवं, कारण ती फारशी अभिमानास्पद नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी-परीक्षा ऑक्सफर्डमध्ये १८९४ साली सुरू झाली आणि केंब्रिजमध्ये १९१७ साली. तिथे ग्रीक आणि लॅटिन हेच खरं शिक्षण मानलं जात होतं, तेव्हा फोर्टातल्या आणि गिरगावातल्या मुलांना शेक्सपिअर आणि मिल्टन परीक्षेला होते. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या १९८९ सालच्या पुस्तकात हे तपशीलवार मांडलं आहे: इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून हिंदुस्थानात आधी रुजला आणि त्यामागे राज्य टिकवण्याचा हिशेब होता. उघडपणे धर्मप्रसार करणं सरकारला अडचणीचं होतं, म्हणून नीतिशिक्षणाचं काम कवितेवर सोपवलं गेलं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या प्राचार्यांत तर विल्यम वर्ड्स्वर्थ नावाचे गृहस्थ होते, कवी वर्ड्स्वर्थ यांचे सख्खे नातू. राज्यकर्त्यांची कविता कुठवर पोचली होती, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

त्याच विद्यापीठाने स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत मराठीला वरच्या परीक्षांतून बाहेर काढलं. १८६२ साली बीए झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यातल्या रानड्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं विद्यापीठात देशी भाषांना जागा मिळावी म्हणून खटपट केली. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्रजी साहित्याची पदवी’ म्हणतो, तिच्या उभारणीत मराठीची हकालपट्टी हा एक चिरा आहे. हा विषय वसाहतवादाचा वारसा आहे, असं कोणी म्हटलं तर त्याच्याशी वाद घालण्याचं कारण नाही.

पण वारसा हातात आल्यावर माणसं त्याचं काय करतात, ते वारसा देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. मुंबईत ते राहिलं नाही.

बा. सी. मर्ढेकरांचं उदाहरण घ्या. ते इंग्रजीचे विद्यार्थी, आयसीएसच्या तयारीसाठी लंडनला गेलेले, परतल्यावर आकाशवाणीत जाण्याआधी कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. त्यांचं ‘आर्ट्स अँड द मॅन’ हे सौंदर्यशास्त्रावरचं इंग्रजी पुस्तक १९३७ साली लंडनला प्रसिद्ध झालं. एलियटच्या काळातली इंग्रजी कविता त्यांनी जवळून वाचली होती. या वाचनाचं पुढे काय झालं? १९४७ साली ‘काही कविता’ आली आणि मराठी कवितेत गिरण्या, लोकल, पिंपं, वंगण, गर्दी हे सगळं एकदम शिरलं, आणि तेही बहुतेकदा अभंग-ओवीच्या चालीत. आधुनिक महानगराच्या उबगाला शब्द सापडले ते तुकाराम-रामदासांच्या घडणीचे. या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून मर्ढेकर सुटले. इंग्रजीच्या वर्गात शिकलेल्या माणसाने संतांचा छंद नव्याने चालू केला, ही घटना मराठी वाङ्मयात जितकी महत्त्वाची आहे तितकीच इंग्रजी साहित्याच्या अभ्यासाच्या इतिहासातही आहे. ती इंग्रजीच्या वर्गात कुणी सांगत नाही.

विंदा करंदीकरांनी रुइया आणि एसआयईएस या कॉलेजांतून इंग्रजी शिकवलं. त्यांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग आणला, शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ आणला. या ‘लिअर’जवळ जरा थांबायला हवं. १९७० साली शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं. त्याच्या मुळाशी लिअरच आहे, पण त्याचा राजा हा रंगभूमीवरून निवृत्त झालेला मराठी नट आहे. चारच वर्षांनी, १९७४ साली, करंदीकरांचं ‘राजा लिअर’ आलं. ते मूळ नाटकाच्या ओळी-ओळीशी इमान राखणारं भाषांतर. एकच इंग्रजी नाटक मराठीत इतक्या जवळच्या काळात दोन पूर्णपणे वेगळ्या पद्धतींनी आलं. भाषांतर म्हणजे काय, रूपांतर कुठे सुरू होतं, मूळ कृतीशी इमान म्हणजे कशाशी इमान, या प्रश्नांवर एक अख्खं सत्र शिकवता येईल इतकं साहित्य या जोडीत आहे. परळच्या कॉलेजातल्या मुलाला ‘नटसम्राट’ निदान ऐकून तरी ठाऊक असतं. त्याला लिअर शिकवताना वर्गात ‘नटसम्राट’ येत नसेल, तर लिअर कठीण वाटतो आणि कठीणच राहतो.

सदानंद रेगे हे नाव आता मागे पडत चाललं आहे, म्हणून मुद्दाम घ्यायचं. घरची परिस्थिती बेताची. रेल्वेत वर्षानुवर्षं कारकुनी करत त्यांनी बीए केलं, एमए केलं, आणि चाळिशीच्या सुमारास माटुंग्याच्या रुइया कॉलेजात इंग्रजी शिकवायला उभे राहिले. कवी म्हणून ते मराठीत स्वतंत्र वाटेचे. शिवाय सोफोक्लीज, इब्सेन, मायकोव्हस्की असे लांबलांबचे लेखक त्यांनी मराठीत आणले. ज्या इंग्रजीने सरकारी कचेरीत कारकुनी मिळते, त्याच इंग्रजीतून रशियन क्रांतीचा कवी मुंबईच्या मराठी वाचकापर्यंत पोचवता येतो, हे रेग्यांनी दाखवलं. पुढे काय होतं, असं विचारणाऱ्या पालकाला सांगण्यासारखं हे एक आयुष्य आहे. त्यात भरभराट नाही, पण ते वायाही गेलेलं नाही.

मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख रा. भा. पाटणकर यांचं ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ सालचं. साहित्य अकादमीने त्याला पुढच्या वर्षी पुरस्कार दिला. कांट आणि क्रोचे यांच्यावरही त्यांनी मराठीत लिहिलं. मराठीत सौंदर्यशास्त्राचा जो कसून विचार झाला, त्याचा एक मोठा भाग इंग्रजीच्या प्राध्यापकाने रचला आहे. मं. वि. राजाध्यक्ष हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. कुसुमावती देशपांडे यांच्याबरोबर त्यांनी मराठी साहित्याचा इतिहास इंग्रजीत लिहिला. कुसुमावतीबाई नागपूरला इंग्रजी शिकवत, आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. धारवाडला जी. ए. कुलकर्णी तीन दशकांच्या आसपास इंग्रजी शिकवत राहिले आणि कथा मराठीत लिहीत राहिले. ‘देशीवादा’चे प्रवक्ते भालचंद्र नेमाडे यांनी मुंबई विद्यापीठातून इंग्रजीत एमए केलं आणि अनेक ठिकाणी इंग्रजी शिकवलं. भारतीयांच्या इंग्रजी लेखनावर त्यांनी सडकून टीका केली, ती इंग्रजी साहित्याच्या आत उभं राहून.

इतकी माणसं एकाच वाटेने गेली, याला योगायोग म्हणता येणार नाही. त्याला कारणं होती आणि त्यांतलं एक भूगोलाचं होतं. गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेज. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर खटाववाडी, जिथे मौज प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिक यांचं ठाणं होतं. केळेवाडीत १९३५ साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि सत्तरच्या दशकात छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ची प्रायोगिक नाटकं. सकाळी वर्गात कीट्स शिकवणारा माणूस संध्याकाळी अशा जागी बसू शकत होता, जिथे त्याची मराठी कविता किंवा समीक्षा कुणीतरी कडकपणे तपासत असे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथे’च्या लेखकांकडून किती वेळा मजकूर दुरुस्त करून घेतला, याच्या आठवणी मराठीत भरपूर आहेत. लेखन शिकवण्याचं काम विद्यापीठाने केलं नाही, ते या संपादकांनी केलं. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. त्याच वर्षी जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि गिरणगाव कायमचं बदललं.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांचंही असंच होतं. कवी निस्सिम इझिकेल बेने इस्रायली घरातले. विल्सन कॉलेजातून त्यांनी इंग्रजीत एमए केलं, पुढे मिठीबाई कॉलेज आणि विद्यापीठात शिकवलं. पण कविता लिहू पाहणारी तरुण मंडळी त्यांना भेटायची ती न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधल्या ‘पेन’ या लेखकसंस्थेच्या कचेरीत. तिथे ते वह्या वाचत, खुणा करत, नापसंती स्पष्ट सांगत. इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्याबरोबर इंग्रजीत नेण्याचं कामही इझिकेल यांनीच केलं. मुंबईत इंग्रजी कवितेचा पाया घालणाऱ्या माणसाला बेळगावच्या मराठी कवयित्रीशी काही देणंघेणं होतं, हे आज इंग्रजी विभागाच्या कितीशा मुलांना माहीत असतं?

या सगळ्या यादीवर एक रास्त आक्षेप आहे. यातली बहुतेक नावं उच्चवर्णीय घरांतली. ज्यांच्या घरात संस्कृत होतं, मराठी पुस्तकं होती, त्यांना इंग्रजी वाचून मराठीत लिहिणं सोपं गेलं, असं कुणी म्हणालं तर ते खरंच आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर निम्मा इतिहास सुटतो. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्येच इंग्रजी शिकण्याचा पुकारा केला होता, कारण पेशवाईत ज्यांना अक्षरच नाकारलं गेलं त्यांच्यासाठी ही भाषा वेगळ्या दारातून आत येत होती. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टनचे पदवीधर. परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या या माणसाने ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) मराठीत चालवलं, आणि जातिव्यवस्थेवरचा आपला सर्वांत धारदार युक्तिवाद १९३६ साली इंग्रजीत छापला. दोन भाषा, दोन वाचकवर्ग, दोन्हीकडे लेखणी तितकीच तयार. मराठी माणसाने इंग्रजी गद्य कसं लिहावं याचा वस्तुपाठ हवा असेल तर तो परळमध्येच आहे. तरी इंग्रजी साहित्याच्या वर्गात आंबेडकरांचं गद्य ‘साहित्य’ म्हणून सहसा वाचलं जात नाही. ते राज्यशास्त्राकडे सोपवलेलं असतं.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद. मिलिंदशी जोडलेले म. ना. वानखडे अमेरिकेत इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी गेले, तिथलं कृष्णवर्णीयांचं लेखन वाचून परतले आणि दलितांनी विद्रोही साहित्य लिहिलं पाहिजे असं ठणकावून सांगू लागले. इंग्रजीचेच प्राध्यापक असलेल्या जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेणाऱ्या तरुणांपर्यंत ही ओळख अनेक वाटांनी पोचली होती. इंग्रजीचा वर्ग ही त्यातली एक वाट. ज्या विषयाची सुरुवात राज्य टिकवण्यासाठी झाली, त्यातून बंडाला लागणारं इंधन आलं. वसाहतवादाचा विषय म्हणून इंग्रजी साहित्य बंद करा, असं म्हणणाऱ्यांनी या वाटेचा हिशेब मांडायला हवा.

आता उलट्या दिशेची वाहतूक बघू, कारण तिथे फार मोठी उणीव आहे. बाबुराव बागूल माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले. त्यांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ सालचं. त्याचं इंग्रजी भाषांतर जेरी पिंटो यांनी केलं ते २०१८ साली, म्हणजे ५५ वर्षांनी. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, इंग्रजीत आलं २०१५ साली; तेही पिंटो यांच्याकडूनच. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. हैदराबाद विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या सुधाकर मराठे यांनी ती १९९७ साली इंग्रजीत नेली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं शांता गोखले यांनी केलेलं भाषांतर २०१७ सालचं. ‘आयदान’ त्या मानाने लवकर गेलं. ऊर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३ सालचं आणि माया पंडित यांचं इंग्रजी भाषांतर २००८ चं.

या भाषांतरकारांत मराठे, पंडित आणि गोखले हे तिघं इंग्रजीच्या वर्गातून आलेले. त्यांनी हे काम पदवीच्या अभ्यासक्रमात सांगितलं होतं म्हणून केलं नाही; स्वतःच्या गरजेने, स्वतःच्या वेळात केलं. मुंबईच्या कॉलेजांतून दर वर्षी इंग्रजी घेऊन मुलं बाहेर पडतात. त्यातल्या थोड्यांच्या हाती जरी तीन वर्षांत भाषांतराची शिस्त आली असती, तर मुंबईचं सर्वांत ज्वलंत लेखन इंग्रजी वाचकाकडे जायला पन्नास-पन्नास वर्षं लागली नसती. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’सारख्या मुंबईच्या कादंबऱ्या, गिरणगावातून उगवलेली जयंत पवारांची नाटकं आणि कथा, यांच्याशी एकदा तरी दोन हात केल्याशिवाय मुंबईतली इंग्रजी साहित्याची पदवी पुरी कशी मानायची?

दिलीप चित्रे यांनी १९६७ साली, तिशी गाठायच्या आत, १९४५ ते १९६५ या काळातल्या मराठी कवितेचा इंग्रजी संग्रह संपादित केला. पुढे तुकारामाला ‘सेज तुका’मध्ये इंग्रजीत आणलं, नामदेव ढसाळांना आणलं. १९९४ साली साहित्य अकादमीने त्यांना एकाच वर्षी दोन पुरस्कार दिले, एक मराठी कवितेसाठी आणि एक तुकारामाच्या भाषांतरासाठी. त्यांचे मित्र अरुण कोलटकर जे. जे.चे चित्रकार आणि जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलावंत. त्यांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहाला १९७७ साली कॉमनवेल्थ पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी त्यांचा पहिला मराठी संग्रह निघाला. किरण नगरकरांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत, नंतरची ‘रावण अँड एडी’ इंग्रजीत, आणि ती घडते माझगावच्या चाळीत. यांना कुणी विचारलं असतं की तुम्ही इंग्रजीचे की मराठीचे, तर प्रश्नच त्यांच्या कामाला लागू पडला नसता.

मग आज वर्गात काय होतं? एका बाजूला इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं, ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते पण वाचली जात नाही. दुसऱ्या बाजूला लालबाग-परळच्या मराठी शाळांतून आलेली मुलं, ज्यांना इंग्रजी समजतं पण वर्गात तोंड उघडायची भीती वाटते. पहिल्या गटाला वाटतं की मराठी आपल्या विषयाच्या बाहेरची गोष्ट आहे. दुसऱ्याला वाटतं की मराठी ही आपली उणीव आहे, ती लपवली पाहिजे. दोघंही परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानातून त्याच नोट्स आणतात आणि ‘थीम’, ‘कॅरेक्टर स्केच’, ‘सिम्बॉलिझम’ अशी उत्तरं पाठ करतात. हल्ली ती उत्तरं मोबाईल सेकंदात लिहून देतो, तीही बिनचूक इंग्रजीत. ज्या अभ्यासाचा शेवट यंत्र अधिक चांगला करतं, तो अभ्यास नव्याने रचायला हवा, हे आता टाळता येणार नाही.

मराठी शाळेतून आलेल्या मुलाची जी उणीव मानली जाते, तीच त्याची पुंजी आहे. डिलाइल रोडच्या चाळीतल्या आजीची मालवणी, गणपतीच्या मंडळाच्या सभेतली भाषणं, संपाच्या वेळच्या आठवणी, भजनी मंडळातले अभंग: हे त्याने न शिकता ऐकलेलं असतं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे मौखिक इतिहासाचं पुस्तक केलं. बहुतांश मराठीतून झालेलं बोलणं इंग्रजी गद्यात उतरवताना बोलणाऱ्याचा सूर, त्याचा राग, त्याचं थांबणं कसं टिकवायचं, हा पूर्णपणे साहित्याचा प्रश्न आहे. ते पुस्तक एका वास्तुरचनाकार बाईंनी आणि एका कार्यकर्त्या-पत्रकार बाईंनी केलं. परळच्या आणि दादरच्या इंग्रजी विभागांच्या हाकेच्या अंतरावर ही माणसं राहत होती, आणि हे काम विभागांचं असायला हवं होतं.

यावर कुणी म्हणेल, वर्गात सगळेच मराठी नसतात. खरं आहे. मुंबईच्या वर्गात गुजराती, उर्दू, हिंदी, कोंकणी, तमिळ घरातली मुलं असतात. त्यांनाही आपापली भाषा घेऊन येऊ द्यावं. उर्दू घरातल्या मुलीने मंटोच्या मुंबईतल्या कथांवर काम करावं, कोंकणी घरातल्या मुलाने तियात्रावर. मराठी हे इथलं पहिलं उदाहरण आहे, कारण शहराच्या सार्वजनिक जीवनाची ती भाषा आहे. पण तत्त्व सगळ्यांना लागू आहे. ज्या विद्यार्थ्याला खरोखर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नाही, त्याला ती शिकायला लावण्यात काही अन्याय नाही.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. अध्यापनाच्या नोकऱ्यांची स्थिती वाईट आहे. एमए, नेट, सेट, पीएचडी करून तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं प्रत्येक कॉलेजात आहेत, आणि त्यांच्याकडे बघून मुलांनी प्राध्यापकीची वाट धरू नये असं वाटणं स्वाभाविक आहे. पण दोन भाषांत सारख्याच सफाईने लिहिणारी माणसं या शहरात कमी आहेत आणि त्यांची गरज जागोजाग आहे. खालच्या कोर्टातले मराठी जबाब आणि पुरावे उच्च न्यायालयात इंग्रजीत जातात. तिथे एका क्रियापदाच्या चुकीने माणसाचं नुकसान होऊ शकतं. मराठी सिनेमा आणि मालिकांना इंग्रजी सबटायटल्स लागतात, आणि त्यातली बरीचशी बघवत नाहीत. सार्वजनिक आरोग्याच्या सूचना, बँकेचे आणि विम्याचे करार, शाळेची पुस्तकं, जाहिराती या सगळ्यांत कुणीतरी इंग्रजीतून मराठीत नीट लिहावं लागतं. आज त्या मजकुराचं मराठी वाचणाऱ्याला इंग्रजी मूळ शोधून अर्थ लावावा लागतो. शांता गोखले यांनी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, इंग्रजी मासिकात काम केलं, औषध कंपनीत जनसंपर्क सांभाळला, वर्तमानपत्राचं कलाविषयक पान चालवलं, आणि या सगळ्यात ‘रीटा वेलिणकर’ ही कादंबरी मराठीत लिहून स्वतःच इंग्रजीतही नेली. दोन भाषांवर हुकमत असलेल्या माणसाला एकाच दारावर अवलंबून राहावं लागत नाही.

यासाठी नवं विद्यापीठ काढायला नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेजर आणि मायनर अशी रचना आणलीच आहे. इंग्रजी मेजर घेणाऱ्याने मराठी किंवा आपली दुसरी भाषा मायनर म्हणून घ्यावी, असं कॉलेजांनी आवर्जून सुचवावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाषांतराचा एक पेपर तीनही वर्षं सक्तीचा असावा, आणि त्याला तीन तासांची लेखी परीक्षा नसावी. पहिल्या वर्षी चार पानांची कथा, दुसऱ्या वर्षी दहा कविता किंवा नाटकाचा एक अंक, तिसऱ्या वर्षी एखाद्या माणसाची मुलाखत आणि तिचं इंग्रजी गद्य. प्रत्येकाचे तीन खर्डे, प्रत्येक खर्ड्यावर शिक्षकाच्या खुणा, आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं दोन पानी टिपण: कुठे अडलो, काय सोडलं, का सोडलं. हे टिपण मोबाईलकडून लिहून घेणाऱ्याला तोंडी परीक्षेत पाच मिनिटं टिकता येणार नाही, कारण तिथे त्याच्यासमोर मूळ मराठी पान असेल आणि दोन परीक्षक असतील, एक इंग्रजीचा आणि एक मराठीचा.

अडचण या दुसऱ्या परीक्षकापाशी आहे. इंग्रजीचं अभ्यास मंडळ वेगळं, मराठीचं वेगळं. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर असले तरी एकमेकांचे पेपर तपासत नाहीत, एकमेकांच्या वर्गात शिकवत नाहीत. नियमांत त्यासाठी जागा करावी लागेल, कामाच्या तासांचा हिशेब बदलावा लागेल, आणि काही ज्येष्ठांना आपल्या विषयाची हद्द ओलांडली गेल्यासारखं वाटेल. स्वायत्त झालेल्या कॉलेजांना यासाठी विद्यापीठाची वाट बघावी लागत नाही. रुइयासारख्या कॉलेजात, जिथे करंदीकर आणि सदानंद रेगे इंग्रजी शिकवत होते, हे येत्या जूनपासून एका तुकडीपुरतं सुरू करता येईल.